कम्प्लीट म्हणजे नक्की काय? पूर्ण, पुरं, झालं की संपलं?

मधली_सुट्टी
मंडळी, प्रश्न खुळचट वाटेल पण डोकं खातोय. मी ॲपच्या मराठीकरणाचं काम करते, म्हणजे इंग्रजी बटणं, मेसेज, मेनू वगैरे मराठीत आणायचे. काम कसं येतं ते सांगते, एक्सेलची लांबलचक शीट येते, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे रिकामी जागा, आणि हा शब्द कुठल्या स्क्रीनवर कुठे दिसणार असं विचारलं तर उत्तर येतच नाही किंवा डिलिव्हरी देऊन झाल्यावर येतं. तर या वेळच्या शीटमध्ये 'कम्प्लीट' हा शब्द एकटाच बसलाय, मागे ना पुढे काही, आणि खाली वेगवेगळ्या ओळींत 'कम्प्लीटेड', 'डन' आणि 'फिनिश्ड' पण आहेत. आता बटण असेल तर 'पूर्ण करा' पाहिजे, स्टेटस असेल तर 'पूर्ण' किंवा 'पूर्ण झाले'. त्यात आपल्याकडे ऑर्डर पूर्ण झाली, व्यवहार पूर्ण झाला, पेमेंट पूर्ण झालं, इंग्रजीवाल्यांना एकच शब्द सगळीकडे डकवता येतो आणि आपल्याला प्रत्येक वेळी लिंग बघावं लागतं. नुसतं 'पूर्ण' ठेवलं की ती भानगड मिटते कारण ते बदलत नाही, पण मग चार इंग्रजी शब्दांना मराठीत एकच शब्द होतो आणि रिव्ह्यूवाला लाल शेरा मारतो.
तर विचारायचंय की कम्प्लीट आणि कम्प्लीटेड यात खरंच फरक आहे का, आणि तुम्ही रोजच्या बोलण्यात कुठे काय म्हणता? (तो लग्नावरचा कम्प्लीट आणि फिनिश्डचा फॉरवर्ड, योग्य बायको मिळाली तर तुम्ही कम्प्लीट आणि चुकीची मिळाली तर फिनिश्ड, तो कृपया कुणी टाकू नका, सगळ्या ग्रुपवर येऊन गेलाय.)

खवचट_खानावळ
अरेरे, तोच कॉपी करून तयार ठेवला होता.

थर्डमॅन
आमच्या सोसायटीच्या रजिस्टरात वॉचमन लिहितो 'कंप्लेंट कंप्लेट'. नळ गळायचा थांबला की कंप्लेट. नै थांबला तरी प्लंबर येऊन गेला की कंप्लेटच.

निवृत्त_मास्तर
प्रश्न खुळचट अजिबात नाही, तीस पस्तीस मुलांच्या वर्गाला हे समजावताना घसा कोरडा पडायचा. फरक आहे आणि तो शब्द नामाच्या आधी येतो की नंतर यावर बराचसा अवलंबून आहे. 'द रिपोर्ट इज कम्प्लीट' याचे दोन अर्थ निघतात, एक म्हणजे रिपोर्ट लिहून झाला, आणि दुसरा म्हणजे त्यात जे जे असायला हवं ते सगळं आहे. पण तेच 'अ कम्प्लीट रिपोर्ट' म्हटलं की पहिला अर्थ गळून पडतो, आता फक्त सविस्तर, काही न वगळलेला रिपोर्ट. आणि 'अ कम्प्लीटेड रिपोर्ट' म्हणजे फक्त लिहून हातावेगळा केलेला, मग त्यात तीन पानं गायब असली तरी तो कम्प्लीटेडच. तेव्हा स्टेटसच्या रकान्यात दोन्ही चालतात, कम्प्लीटेडमध्ये कुणीतरी ते काम केलं याची आठवण राहते, कम्प्लीटमध्ये फक्त अवस्था सांगितली जाते.
मुलांना मी कपबशीवर शिकवायचो. कप फुल आहे म्हणजे चहा काठोकाठ, कप होल आहे म्हणजे कान तुटलेला नाही, सेट कम्प्लीट आहे म्हणजे सहाच्या सहा कप जागेवर आहेत, आणि चहा फिनिश्ड म्हणजे आता नवीन आधण ठेवा. कम्प्लीट म्हणताना मनात एक यादी असते, काय काय असायला पाहिजे याची. ती यादी कुणाची हे आधी विचारायचं, मग अर्थ लागतो.
आपल्याकडे सर्रास होणाऱ्या दोन गोष्टी पण सांगून ठेवतो. 'आय वेटेड द कम्प्लीट डे' असं म्हणत नाहीत, तिथे होल डे, कारण दिवसाचे भाग कुणी मोजत बसलेलं नसतं. आणि 'आय ॲम कम्प्लीट विथ माय वर्क' हे तर नकोच, तिथे 'डन'. 'कम्प्लीट विथ' म्हणजे 'सकट'. घराच्या जाहिरातीत असतं ना, मॉड्युलर किचनसकट फ्लॅट, ते. या हिशोबाने तुम्ही तुमच्या कामासकट एक संच झालात.

खवचट_खानावळ
मास्तर, आयटीवाले कामासकटच विकले जातात, त्यांचं बरोबर आहे.

मधली_सुट्टी
वा मास्तर, यादीचं पटलं. पण मग 'कम्प्लीट इडियट'मध्ये कुठली यादी?

पलीकडची_आत्या
मी सांगू का, तिथे ते विशेषण नुसतं जोर द्यायला येतं आणि असं जोरवालं कम्प्लीट फक्त नामाच्या आधीच बसतं. कम्प्लीट इडियट होतो, कम्प्लीट स्ट्रेंजर होतो, पण 'द स्ट्रेंजर इज कम्प्लीट' म्हटलं तर इथले इंग्रजी बोलणारे लोक बघत राहतील. आणि गंमत म्हणजे आपल्याकडेही तसंच आहे. ठार वेडा म्हणतो, 'तो वेडा ठार आहे' म्हटलं तर पोलीस येतील.
मला राग कशाचा येतो माहितीये का, हल्ली डब केलेल्या मालिका बघते इथे बसून, त्यात सगळीकडे 'पूर्ण'. पूर्ण मूर्ख, पूर्ण अंधार, पूर्ण शांतता, पूर्ण खोटं. अरे काय हे? अंधार मिट्ट असतो, शांतता चिडीचूप असते, खोटं धादांत असतं, माघार सपशेल, बहिरा ठार, मूर्खपणा निव्वळ, फसला तर पुरता फसला, आणि अनोळखी माणसाला तर विशेषण पण नको, ओळख ना पाळख म्हटलं की काम झालं. एवढं सगळं घरात असताना पूर्ण पूर्ण पूर्ण. मधल्या सुट्टीताई तुम्ही तरी असं करू नका.

मधली_सुट्टी
आत्या, मी तर बटणांचं करते, बटणावर कुणी धादांत लिहू देत नाही :)

शेंगदाणा_चटणी
आत्यांना +१. आणि कोल्हापूर साइडला नुसतं कंप्लीटच चालतं ओ, 'कंप्लीट वाट लागली', 'कंप्लीट डोक्यात गेलं', तिथे पूर्ण टाकून बघा, 'पूर्ण वाट लागली', जीवच जातो वाक्याचा. 'पार' टाकलं की परत येतो.

मीनमेष
जरा मुळाकडे जाऊ. कम्प्लीट हा लॅटिन कॉम्प्लेरे या क्रियापदावरून आलाय, अर्थ 'भरून काढणे'. त्यातला प्ले हा भाग आणि आपल्या 'पूर्ण'मधला पूर् एकाच प्राचीन धातूचे, इंग्रजीतला फुल आणि प्लेंटी पण त्याच गोत्यातले, आपलं ते, गोत्रातले. म्हणजे आपण कम्प्लीटचं भाषांतर पूर्ण करतो तेव्हा चुलत भावाला चुलत भावाच्या जागी उभं करतो. आता घरातले बाकीचे बघा. पूर आला तो याच धातूचा, पुरवठा याचाच, पुरे म्हणतो तो याचाच, आणि पुरणपोळीतलं पुरण म्हणजे मुळात संस्कृत पूरण, आत भरायचं ते. परीक्षेत जी पुरवणी मागायचो ना, तिला इंग्रजीत सप्लिमेंट, तो सप्लिमेंटही त्याच लॅटिन धातूचा. दोन्हीकडे शब्द आपापल्या वाटेने गेले आणि परीक्षेच्या हॉलमध्ये एकमेकांना भेटले.
आणि 'पुरता' हा तर वेगळाच नमुना आहे, 'पुरता बुडाला' म्हणजे सगळाच, 'माझ्यापुरतं बघतो' म्हणजे तेवढंच, आणि 'पुरतं का तुला?' म्हणजे भागतं का. सगळं, तेवढंच आणि भागतं, तिन्ही एकाच घरातून.

खवचट_खानावळ
थोडक्यात काय, पुरणपोळी खाल्ल्याशिवाय माणूस कम्प्लीट होत नाही. शास्त्रात बसतंय.

पलीकडची_आत्या
मीनमेष, एक राहिलं, कॉम्प्लिमेंट. 'आय' वालं कौतुक आणि 'ई' वालं पूरक, दोन्ही त्याच मुळाचे आहेत पण कौतुकवालं स्पॅनिश, इटालियन असं फिरून आलं म्हणून स्पेलिंग वेगळं. इथे हॉटेलच्या पाट्यांवर सुद्धा लोक घोळ घालतात, ब्रेकफास्ट फुकट आहे की ब्रेकफास्ट रूमला पूरक आहे कळत नाही.

कुंकवाचा_करंडा
मुळाबिळातलं मला कळत नाही पण 'भरणे' वरून आठवलं, आपण पूर्ण झाल्याला 'भरलं' म्हणतोच की. वर्ष भरलं, वय भरलं, मुदत भरली. आणि दिवस भरले! सुनेचे दिवस भरलेत म्हटलं की घरात बाळंतविड्याची तयारी, आणि 'तुझे दिवस भरलेत' म्हटलं की समोरच्याने पळायची तयारी. तो फॉरवर्डवाला जो कम्प्लीट आणि फिनिश्डचा फरक सांगतो ना, तो आमच्या आजेसासूबाई एकाच वाक्यात नुसत्या सुरावर करायच्या.

मीनमेष
करंडाताई, लाख बोललात. पापाचा घडाही भरतोच.

थर्डमॅन
मास्तरांच्या यादीवरून क्रिकेटचं सांगतो, कारण कॅच कधी कम्प्लीट होतो यावर एक आख्खा वर्ल्डकप फिरलाय. १३ जून १९९९, लीड्स, सुपर सिक्सची, म्हणजे सेमीफायनलच्या आधीच्या फेरीची मॅच, ऑस्ट्रेलिया विरुद्ध साउथ आफ्रिका. साउथ आफ्रिकेने २७१ केले होते, त्यात हर्शेल गिब्जचे १०१. स्टीव्ह वॉ ५६ वर असताना शॉर्ट मिडविकेटला गिब्जकडे सरळ कॅच गेला, हातात आला, बसला, आणि आनंदाने वर उडवायला गेला तो निसटला. आपण टीव्हीसमोर ओरडलो की अरे धरला होता की! पण नियम काय म्हणतो, कॅच संपतो कधी, तर फील्डरचा बॉलवर आणि स्वतःच्या हालचालीवर 'कम्प्लीट कंट्रोल' आला की. हे आत्ताच्या नियमाचे शब्द आहेत, ३३.३. तेव्हाची वाक्यरचना वेगळी होती पण कम्प्लीट कंट्रोल तेव्हाही होतंच. गिब्जने बॉल नीट धरायच्या आधीच फेकायला घेतला, म्हणजे कंट्रोल कम्प्लीट नव्हता. वॉ नाबाद १२०, दोन बॉल राखून ऑस्ट्रेलिया जिंकली, मग त्याच दोन टीमची सेमीफायनल टाय झाली आणि ऑस्ट्रेलिया वर गेली ते सुपर सिक्समध्ये वर होती म्हणून. म्हणजे त्या एका विशेषणाचं वजन बघा.
आणि दुसरं, ॲव्हरेज काढताना भागाकार कम्प्लीटेड इनिंग्जने करतात. ब्रॅडमनचे ६९९६ रन, इनिंग्ज ८०, पण १० वेळा नाबाद म्हणून भागायचं ७० ने, ९९.९४. ऐंशीने भागलं असतं तर ८७.४५, आणि मग कुणाला तो आकडा तोंडपाठ नसता.

वजाबाकी
पण थर्डमॅन, नाबाद राहिलेली इनिंग अपूर्ण का? मॅच जिंकून आला तर त्याचं काम कम्प्लीटच झालं ना. शंभर नाबाद करून जिंकवलेली इनिंग इनकम्प्लीट आणि पहिल्या बॉलवर दांडी गुल ती कम्प्लीट, हे कसलं गणित?

थर्डमॅन
गणित स्कोअररचं आहे. बॅट्समनच्या यादीत मॅच जिंकणं असतं, स्कोअररच्या यादीत फक्त आउट होणं. त्याला तुझ्या शतकाचं सोयरसुतक नाही.

स्टेथो
आमच्या धंद्यात हा शब्द फार जपून वापरावा लागतो. 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक' असं पेशंटच्या कागदावर लिहिलं की नातेवाईक वाचतात आणि त्यांचा चेहरा पांढराफटक, कारण त्यांनी लावलेला अर्थ असतो की हृदय पूर्ण बंद, म्हणजे सगळ्या नळ्या शंभर टक्के तुंबल्या. तसं काही नसतं हो. हार्ट ब्लॉक हा विजेच्या वायरिंगचा आजार आहे, रक्ताच्या नळ्यांचा नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जो विजेचा इशारा जातो तो उशिरा पोचतो तेव्हा पहिल्या डिग्रीचा ब्लॉक, काही पोचतात काही गळतात तेव्हा दुसऱ्या, आणि एकही पोचत नाही तेव्हा तिसऱ्या, त्यालाच कम्प्लीट म्हणतात. खालचे कप्पे मग स्वतःच्या मनाने हळूहळू ठोके देत राहतात, मिनिटाला तीसचाळीस, त्यामुळे चक्कर, भोवळ, कधी माणूस उभ्याउभ्या पडतो. गंभीर आहेच, पेसमेकर लागतो बहुतेकदा, पण बायपास कधी करणार असं विचारत येतात तेव्हा आधी ब्लॉक आणि ब्लॉकेज हे वेगळं करून सांगण्यात वेळ जातो. एका आजोबांना मी सांगितलं की वरच्या मजल्याचा आणि खालच्या मजल्याचा फोन तुटलाय, तर म्हणाले मग आमच्या घरासारखंच आहे, चालतंय की.
बाकी सीबीसी म्हणजे कम्प्लीट ब्लड काउंट, त्यातलं कम्प्लीट पण ऐकून फसू नका. त्यात रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन एवढंच मोजतात. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड काही नसतं. 'कम्प्लीट केलंय डॉक्टर, सगळं नॉर्मल' असं म्हणून शुगर न तपासता बसलेले पेशंट दर आठवड्याला भेटतात.

टॉवर_बी
डॉक्टरसाहेब, असंच आमच्या बिल्डिंगचं. बिल्डर म्हणे काम कम्प्लीट, लिफ्ट चालू, रंग झाला, गणपती बसवला एंट्रन्सला. पण पूर्णत्वाचा दाखला कुठाय तर 'प्रोसेसमध्ये'. आणि लोकांना वाटतं कम्प्लिशन आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) एकच, तसं नाही. पूर्णत्वाचा दाखला म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे बांधून झालंय, आणि भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे आता इथे माणसं राहू शकतात. राहायला जाताना बघायचं ते भोगवटा. मुंबईत ओसी नसलेल्या इमारतीत लोक वर्षानुवर्षे राहतायत आणि पाण्याला जास्त दर भरतायत. त्यावर आणखी पार्ट ओसी नावाचा प्रकार, म्हणजे खालचे मजले राहण्यालायक आणि वरती अजून स्लॅब ठोकणं चालू.
पैशाच्या दृष्टीने पण हा शब्द महागात पडतो. कम्प्लिशन सर्टिफिकेट आल्यानंतर फ्लॅट घेतला आणि सगळे पैसे त्यानंतरच दिले तर जीएसटी नाही. बांधकाम चालू असताना बुक केला तर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का. साठ लाखाच्या घरावर तीन लाखाचा फरक. तेव्हा ब्रोकर 'ऑलमोस्ट कम्प्लीट' म्हणाला की हसून चहा प्या आणि दाखला मागा.

कागदोपत्री
टॉवर बी साहेब, नोकरीत उभा जन्म गेला त्यावरून सांगतो, सरकारी कागदावर कम्प्लीट हा शब्द रोजच्या अर्थाने कधीच येत नाही. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा घ्या, नोव्हेंबर २०२५ पर्यंत तोच लागू होता. त्यात म्हटलं होतं की दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, आणि सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडाही पूर्ण वर्ष धरायचा. म्हणजे दहा वर्षं सात महिने नोकरी झाली की ११ वर्षं, दहा वर्षं पाच महिने झाली की १०. पगार भागायचा २६ ने, ३० ने नाही, कारण रविवार सोडून महिन्याचे कामाचे दिवस २६. अशी सगळी आपापली मोजमापं.
आता वयाचं बघा. केंद्र सरकारच्या नियमात वय पूर्ण होईल त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, पण ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी. कारण जन्माचा दिवस अख्खा धरायचा, मग वर्ष भरतं ते वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आपल्या राज्यातही १ तारखेवाल्यांची तीच गत. आणि आपल्याकडे १ जून जन्मतारीख असलेले किती, माहितीये ना! शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख आठवेना की मास्तर १ जून लिहून मोकळे. त्यामुळे ३१ मे ला प्रत्येक ऑफिसात हारतुरे, शाल-नारळ, एकाच दिवशी तिघांचे निरोप समारंभ, आणि फोटोग्राफर एकच. मास्तरांनी २ जून लिहिलं असतं तर बिचाऱ्यांना आणखी एक महिना पगार होता.

निवृत्त_मास्तर
मास्तरांवर का घसरता! पोरगं सहा वर्षांचं दिसलं की जूनपासून मागे मोजायचं, दुसरं करणार काय. डोक्यावरून हात फिरवून डावा कान उजव्या हाताला लागतो का ते बघायचो, तोच जन्मदाखला.

कागदोपत्री
मास्तर, राग नको, तुमच्या कृपेने माझीही १ जूनच. अजून एक सांगतो आणि थांबतो. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांची वेगळी रड होती. वर्षभर काम पूर्ण केलं, वेतनवाढ १ जुलैला, आणि १ जुलैला हे नोकरीत नाहीत, म्हणून वाढ नाही. ऑफिसचं म्हणणं वाढ मिळायच्या दिवशी तू हजर नाहीस. कर्मचाऱ्यांचं म्हणणं वाढ ही झालेल्या वर्षाची आहे, येणाऱ्याची नाही. शेवटी ११ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टाने कर्नाटकातल्या वीज महामंडळाच्या केसमध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, की वर्षभराची सेवा आदल्या दिवशी पूर्ण झाली तेव्हाच हक्क तयार झाला. पूर्ण कधी झालं या एका गोष्टीवर लोकांची पेन्शन ठरली.

वजाबाकी
कडक माहिती कागदोपत्री काका. आता माझं. मास्तरांची कपबशी मस्त आहे पण गणिताच्या पुस्तकात मराठीने सगळे कप एकाच रंगाचे केलेत. होल नंबर म्हणजे पूर्ण संख्या, इंटिजर म्हणजे पूर्णांक, परफेक्ट स्क्वेअर म्हणजे पूर्ण वर्ग, कम्प्लीटिंग द स्क्वेअर म्हणजे पण पूर्ण वर्ग पद्धत. आणि गणिताच्या बाहेर, प्रेझेंट परफेक्ट टेन्स म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, फुल स्टॉप म्हणजे पूर्णविराम. होल, परफेक्ट, कम्प्लीट, फुल, चौघांच्या जागी एकटा पूर्ण. मधली सुट्टीचा रिव्ह्यूवाला लाल शेरा मारतो त्यात नवल काय.
आणि तरी इंग्रजीवाल्यांचंही एका शब्दात भागत नाही. कुर्ट गोडेलने १९२९ च्या आपल्या पीएचडीत तर्कशास्त्राची एक पद्धत कम्प्लीट आहे हे सिद्ध केलं, आणि १९३१ मध्ये अंकगणित मावेल अशी कुठलीही सुसंगत, नियमात बांधलेली पद्धत इनकम्प्लीट असते हे सिद्ध केलं. माणूस तोच, दोन वर्षांत, आणि दोन्ही बरोबर! कारण पहिल्यातलं कम्प्लीट म्हणजे जे सगळीकडे सत्य आहे ते सगळं सिद्ध करता येतं, आणि दुसऱ्यातलं म्हणजे कुठलंही विधान घ्या, ते किंवा त्याच्या उलट, दोन्हीपैकी एक सिद्ध करता येतं. इंजिनिअरिंगची पोरं या दोन थिअरमचा जो काला करतात तो केवळ या एका शब्दामुळे.
मास्तरांना एक प्रश्न. कम्प्लीट म्हणजे सगळी यादी असेल तर '८०% कम्प्लीट' कसं म्हणतात? एकतर आहे नाहीतर नाही.

निवृत्त_मास्तर
व्याकरणाची जुनी पुस्तकं तुमच्यासारखंच म्हणायची, की पूर्णाला तरतम भाव नसतो, मोअर कम्प्लीट म्हणू नये. लोक ऐकत नाहीत. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेच्या पहिल्याच वाक्यात 'मोअर परफेक्ट युनियन' आहे, परफेक्टची तीच अडचण, तरी कुणाचं अडलं नाही. ८०% कम्प्लीट म्हणजे यादीतल्या दहापैकी आठ गोष्टींवर टिकमार्क. आपणही म्हणतोच की, घर जवळजवळ पुरं झालंय.

पलीकडची_आत्या
शाळेचं निघालं म्हणून, नातवाला इथे बाई सांगतात 'आन्सर इन कम्प्लीट सेंटेन्सेस'. आमच्या वेळी 'एका वाक्यात उत्तरे लिहा' असायचं, तेच. पण मी त्याला सांगितलं की मराठीत 'आलास.' एवढंच पूर्ण वाक्य आहे. कोण आला, एकटा आला, बाप्या आला, सगळं त्यात आलं. तो म्हणाला मग मराठीत होमवर्क लवकर होत असेल.

मधली_सुट्टी
सगळ्यांचे आभार. तूर्त शीट अशी भरलीये, कम्प्लीटेडला 'पूर्ण झाले', एकट्या कम्प्लीटला 'पूर्ण', डनला 'झाले', फिनिश्डला 'संपले', आणि बटण निघालं तर 'पूर्ण करा' अशी बाजूला कॉमेंट. पेमेंटच्या ओळीला 'संपले' टाकायचं नाही, एवढं मात्र मोठ्या अक्षरात लिहिलंय, नाहीतर लोक घाबरतील.

जास्वंदी
उशिरा येतेय, पण जीवशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. फुलांत कम्प्लीट आणि परफेक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निदलपुंज (बाहेरची हिरवी दलं), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (नर भाग) आणि जायांग (मादी भाग) ही चारही मंडलं असली की फूल कम्प्लीट, आपली जास्वंद बघा. आणि पुमंग, जायांग म्हणजे नर-मादी दोन्ही भाग एकाच फुलात असले की परफेक्ट. म्हणजे गव्हाचं फूल परफेक्ट आहे पण कम्प्लीट नाही, त्याला पाकळ्याच नसतात. दर वर्षी अर्धा वर्ग इथे आडवा पडतो. आणि दुधी, भोपळा, काकडी यांचं फूल कम्प्लीटही नाही आणि परफेक्टही नाही, नर वेगळं, मादी वेगळं.

शेंगदाणा_चटणी
ताई, धाग्याला सोडून विचारतो, सॉरी. गच्चीत दुधीचा वेल लावलाय, फुलं ढीगभर, दुधी एक पण नाही. ही त्याचीच भानगड का?

जास्वंदी
बहुधा तीच. सुरुवातीला नर फुलंच जास्त येतात, लांब बारीक देठाची. मादी फूल ओळखायचं सोपं, पाकळ्यांच्या मागे बोटभर लव असलेला छोटा दुधी दिसतो. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, भोपळ्यासारखी सकाळी नाही, आणि रात्रीचे पतंग परागीकरण करतात, ते गच्चीवर फिरकत नसतील. संध्याकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका, मधला भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. एका नर फुलात दोनतीन मादी फुलं उरकतात. मागचा छोटा दुधी दोनचार दिवसांत पिवळा पडून गळला तर लागलं नाही, हिरवा राहून फुगला तर लागलं. नुसती नर फुलंच येत असतील तर वेलाचा शेंडा खुडा, बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त धरतात.